उजागरे सरांचे बिशपसाहेब

उजागरे सरांना आम्ही शाळेत 'बिशप' म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं. मस्कतच्या उकाड्यात गळ्यापर्यंत गुंडी लावलेला पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, किडकिडीत अंगकाठी, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे. कॉरिडॉरमधून येत असले की सातवीची दंगेखोर पोरंही भिंतीला चिकटून उभी राहायची. पण नाव काही या रूपामुळे पडलं नव्हतं. सर इतिहास शिकवायचे, आणि साडेचारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेलेल्या एका बिशपवर त्यांची पीएचडी चालू होती. चालू होती म्हणजे पुण्यात नोंदवली होती. पुढे त्यांचे मार्गदर्शक वारले, सर ओमानला आले, आणि बिशप त्यांच्याबरोबर आला.

त्या बिशपचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. खुद्द इंग्लंडमध्येही त्याला कुणी ओळखत नाही, असं सर स्वतःच म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असायचा. मोठ्या माणसावर कुणीही लिहितो हो, म्हणायचे. आणि या बिशपबद्दल ते असं बोलायचे, जणू हा गृहस्थ पलीकडच्या गल्लीत राहतो आणि आत्ताच भाजी घेऊन गेला. कुणाला बढती मिळो, कुणाची बदली होवो, कुणाचं प्रिन्सिपलशी वाजो, सर चहाचा कप खाली ठेवून सुरू करायचे, "आमच्या बिशपसाहेबांचंही असंच झालं होतं."

त्या स्टाफरूममध्ये मराठी माणसं आम्ही तिघंच. नगरचे उजागरे सर, गणित शिकवणारी मी देसाई, आणि पीटीचे मुकादम सर. मुकादम रायगडचे. त्यांचे वडील आणि चुलतेही आखातातच राबलेले, त्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटायचं नाही. रोज सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून ते आत यायचे आणि विचारायचे, "काय सर, बिशप काय बोलतो आज?"

आमच्याकडे प्रिन्सिपल फार बदलायचे. एक आले, त्यांनी फर्मान काढलं की खडू बंद, सगळं पडद्यावर दाखवा. स्टाफरूममध्ये बंडाची भाषा सुरू झाली, आणि माझा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी शाळा उघडली तर उजागरे सर रोमन साम्राज्य पडद्यावर दाखवत होते. रंगीत नकाशांसकट! पुढच्या वर्षी दुसरे प्रिन्सिपल आले. ते म्हणाले, ही नाटकं बंद, फळ्यावर लिहा. त्याच दुपारी सरांच्या हातात खडू.

मी भडकलेच. म्हटलं, "सर, तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही?"

"आहे ना," सर म्हणाले. "घरी ठेवलंय."

मुकादम इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. सर मात्र शांतपणे मला समजावू लागले. "मॅडम, राजा बदलला की प्रार्थनापुस्तक बदलायचं. माणूस टिकला तर पुढे काही करेल. आमचे बिशपसाहेब चार राज्यं टिकले." मला हे तत्त्वज्ञान मुळीच पटलं नाही. आजही पटत नाही. पण पडदा लावायला लागो की खडू धरायला, त्या माणसाचा वर्ग कधी कंटाळलेला मी पाहिला नाही, हेही खरं.

त्या काळात आम्ही मस्कतच्या पार टोकाला, माबेल्याला राहायचो. भाडं कमी, पण रोज सकाळी गाडीत बसून अर्धं आयुष्य चाललंय असं वाटायचं. शेवटी सुनील, म्हणजे माझा नवरा, कंटाळला आणि आम्ही शाळेजवळ, वादी अदाईला फ्लॅट घेतला. पुढे उघडाबोडका डोंगर, मागे दुसऱ्या इमारतीच्या एसींची रांग. सामान लावताना कळलं की बरोबर आमच्या डोक्यावर उजागरे सर राहतात.

पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले, तर वरच्या दोरीवरून एका फिक्या हिरवट इरकलीचा पदर खाली लोंबत होता. बाजूला एक मोरपंखी सुती साडी. मला कोण आनंद झाला! सरांनी कधी बायकोचा विषय काढला नव्हता, पण आमच्याकडे कितीतरी पुरुष तो काढत नाहीत. म्हटलं, चला, वर एक मराठी बाई आहे. आता संध्याकाळी बोलायला कुणीतरी मिळालं.

पण बाई काही दिसेनात. दर शुक्रवारी साड्या दिसायच्या, बाई नाही. मी दोन वेळा मुद्दाम जिन्यात रेंगाळले. संक्रांत आली. ही ख्रिस्ती मंडळी, तेव्हा हळदीकुंकवाला बोलावणं बरं दिसेल की नाही याचा विचार करून मी नुसता तिळगुळाचा डबा घेऊन वर गेले. सरांनी दार अर्धंच उघडलं. डबा घेतला. "करुणाला सांगतो. तिला तिळगूळ फार आवडतो," म्हणाले, आणि दार लागलं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. रिकामा परत करायचा नाही म्हणून आत दोन सफरचंदं होती. "करुणाला आवडला," सर म्हणाले.

मग मी पुरणपोळ्या पाठवल्या. आवडल्या. थालीपिठं पाठवली. आवडली. डब्यातून कधी संत्री आली, कधी खजूर, पण "या हो एकदा वर" असं काही आलं नाही. मला राग येऊ लागला. मी सुनीलला म्हटलं, "ही बाई आहे की कोण आहे? माझ्या पोळ्या खाते आणि साधं तोंड दाखवत नाही. एवढा कसला ताठा?"

"तुला काय करायचंय?" सुनील म्हणाला. त्याचं हे सगळ्यावरचं उत्तर आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सुट्टीच्या दिवशी आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मी हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला बोलावलं. नुरुल त्याचं नाव, बांगलादेशी, वयस्कर माणूस. आम्ही दोघं वर गेलो. नुरुलने दार ठोठावलं, मीही "वहिनी, वहिनी" करून हाका मारल्या. आत एसी चालू असल्याचा आवाज नाही, पावलं नाहीत. शेवटी सरांना फोन केला. ते चर्चच्या आवारात होते. मस्कतच्या रुवी भागात एकाच आवारात सगळ्या भाषांची उपासना पाळीपाळीने चालते. मल्याळी लोक बाहेर पडतात, तमिळ आत शिरतात. मराठी मंडळींना मधला एक तुकडा मिळतो आणि मूठभर माणसं त्यात गाऊन घेतात. सर तिथे शास्त्रपाठ वाचायचे. ते तसेच टॅक्सी करून आले, घामाघूम, आणि आमच्याकडे न बघता कुलूप उघडलं.

घरात कुणीही नव्हतं. एका खोलीत एक पलंग. स्वयंपाकघरात ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला, उपडे घालून ठेवलेले. दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर जुन्या उत्तरपत्रिकांचा ढीग इतका उंच होता की तिच्यावर कुणी बसल्याला जमाना झाला असावा. मागच्या दोरीवर इरकल वाऱ्याने हलत होती.

नुरुलने बाथरूममधला नळ बघितला, मग दोरीकडे बघितलं, मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं. "मॅडम बाहर गया? अच्छा," तो म्हणाला. "नल मैं ठीक करता है, सर. टेन्शन नहीं." जाताना जिन्यात तो माझ्याशी हळूच बोलला, "मेरा भी फॅमिली है, मॅडम. सिल्हेट में है."

आखाताबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे ज्याचं कुटुंब इथे नाही, तो बॅचलर. त्याला चार मुलं असोत की नातवंडं असोत, कागदावर आणि लोकांच्या तोंडी तो बॅचलरच. आणि बऱ्याच इमारती 'फक्त फॅमिली'. एकट्या पुरुषाला तिथे कुणी ठेवून घेत नाही. सरांची बायको कधीकाळी खरंच इथे राहत होती. तेव्हा घेतलेलं हे घर. ती नगरला परत गेल्यावर मालकाला संशय येऊ नये म्हणून सर दर शुक्रवारी सकाळी तिच्या दोन साड्या पाण्यातून काढून दोरीवर घालायचे. ती जाताना मागे ठेवून गेलेल्या साड्या. वर्षभरासाठी सगळं कशाला न्यायचं, म्हणून ठेवलेल्या.

सरांनी हे सगळं सांगितल्यावर मी विचारलं, "मग सर, तो तिळगूळ?"

सर थोडे लाजले. "मी खाल्ला. पण फोनवर तिला सांगितलं ना सगळं. कसा आहे, कडक आहे की मऊ. तिला आवडला."

त्या दिवसापासून शुक्रवारी उपासनेनंतर सर आमच्याकडे चहाला येऊ लागले. ते खुर्चीत टेकून कधी बसायचे नाहीत, पुढे सरकून बसायचे, जणू कुणी उठवायला येणार आहे. घरी तर उभ्यानेच जेवायचे. मीच एकदा पाहिलं, ओट्याशी उभे राहून, ताट हातात धरून. विचारलं तर म्हणाले, "एकट्याने बसून जेवलं की फार वेळ लागतो."

अशाच एका शुक्रवारी त्यांनी बिशपची सगळी हकीगत सांगितली. खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा. गावच्या पाद्र्याने लॅटिन शिकवलं, पोरगं हुशार निघालं, विद्यापीठात गेलं. एका मोठ्या सरदाराच्या घरी धर्मगुरू म्हणून लागलं. राजाला पोपशी भांडायचं होतं, तेव्हा राजाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली आणि नशीब उघडलं. राजा मेला. त्याचा मुलगा गादीवर आला, तो नव्या धर्माचा, म्हणजे प्रोटेस्टंट. पाद्र्यांना लग्नाची मोकळीक झाली. आपल्या माणसाने लग्न केलं, आणि तो बिशपही झाला. तो मुलगा राजा लवकर गेला. मग त्याची मोठी बहीण राणी झाली, ती जुन्या, पोपच्या धर्माची कट्टर. लग्न झालेल्या पाद्र्यांच्या गाद्या गेल्या.

"मग?" मी विचारलं.

"काही जण परदेशी पळाले. काही जाळले गेले. आमच्या बिशपसाहेबांनी भर चर्चमध्ये प्रायश्चित्त घेतलं. म्हणाले, लग्न ही चूक होती. बायकोला दूर एका गावी पाठवून दिलं आणि एका लहानशा चर्चवर नेमणूक मिळवली. पाच-सहा वर्षांत ही राणीही गेली. धाकटी बहीण आली, पुन्हा नवा धर्म. साहेब पुन्हा बिशप. आधीपेक्षा मोठा प्रांत मिळाला." सरांचा चेहरा उजळला होता, जणू ती बढती त्यांनाच मिळाली होती. "म्हातारपणापर्यंत काम केलं. शाळा काढल्या. पूल बांधले. जाळून घेतलं असतं तर हे झालं असतं का?"

"आणि बायकोचं काय झालं?"

सरांनी कप उचलला आणि रिकामा आहे हे बघून परत ठेवला. "तेवढ्या एका प्रकरणासाठी प्रबंध अडलाय," ते म्हणाले. "कागद मिळत नाहीत. परत आली असणार. नव्या राणीच्या राज्यात लग्नाला पुन्हा मोकळीक होती. पण कागद हरवलेत."

हळूहळू मला त्यांचंही कळत गेलं. करुणाताई नगरला मुलींच्या शाळेत शिक्षिका. बिनपगारी रजा घेऊन नवऱ्याबरोबर आल्या, तीनेक वर्षं राहिल्या. मग शाळेचं व्यवस्थापन बदललं. नवा नियम निघाला की सुपरवायझरच्या खालच्यांना कुटुंबाचा व्हिसा नाही. राहायचं तर बॅचलर म्हणून राहा, नाहीतर जा. सर म्हणाले, एकच वर्ष. त्या घरी गेल्या. त्या एका वर्षाची पुढे वीस-बावीस झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर सर नगरला जाऊन यायचे.

एका नाताळला करुणाताई व्हिजिट व्हिसावर आल्या. बुटक्या, गोलसर, चालणं भरभर. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, आणि ते त्यांच्या नजरेतच होतं. माझ्या हातची फोडणी बघून दुसऱ्याच मिनिटाला म्हणाल्या, "गॅस बारीक करा, जिरं जळतंय." मला त्या एकदम आवडल्या. वरच्या दोरीवरची इरकल त्यांनी खाली आणून माझ्यापुढे धरली. "बघा हो. माझ्या मोठ्या बहिणीने दिलेली. उन्हात वाळवून वाळवून पार उडवून टाकली. हिरवी होती म्हटलं तर कुणाला खरं वाटायचं नाही." हसतच म्हणाल्या, पण घडी मात्र दोनदा मोडून पुन्हा घातली.

मी दोघांना जेवायला बोलावलं. सर त्या दिवशी बसून जेवले, आणि खुशीत होते. निवृत्तीचं वय झालं होतं, पण शाळेने त्यांना व्हाइस प्रिन्सिपल म्हणून थांबायला सांगितलं होतं. इतकी वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली ती आता समोर आली होती. ही बातमी करुणाताईंना त्यांनी आमच्यासमोरच सांगितली. एकटं असताना सांगायचा धीर झाला नसावा.

"एकच वर्ष," सर म्हणाले. "बिशपसाहेबांनाही मोठा प्रांत साठीनंतरच मिळाला."

करुणाताईंनी घास खाली ठेवला. "अहो, लग्न झाल्यापासून त्या बिशपांचं ऐकतेय मी. त्यांच्या बायकोला कुणी काही विचारलं का?"

"कागदच नाहीत, करुणा."

"नसूंदेत. मला एवढंच सांगा, ती दुसरी राणी आल्यावर त्यांनी बायकोला बोलावलं असेल ना?"

"असेल की. बोलावलंच असणार."

"मग ती आली का?"

सुनील ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत बसला.

"तुम्ही सुपरवायझर झालात, व्हिसा मिळत होता. तुम्ही मला बोलावलंत. मी आले का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, वर्गात गणिताची पायरी समजावून सांगावी तसा तो आवाज होता. "तुमची आई अंथरुणावर होती. मग शाळा माझ्याकडे आली. मी म्हटलं, एक वर्षाने येते. तुम्ही म्हणालात, बरं. बरं कशाला म्हणालात?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाजी छान झालीय. वांगी इथली का?"

मला रडू आलं आणि मी वाढण्याच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आल्यावर सुनील वांग्यांबद्दल बोलत होता, अगदी तपशीलवार. त्याचं एवढं लांब बोलणं मी क्वचितच ऐकलंय.

जायच्या आदल्या दिवशी करुणाताई एकट्याच खाली आल्या. म्हणाल्या, "यांना सांगून ठेवलंय मी. आता या. पण उशीर केलात तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत. मी घर माझ्यापुरतं लावून घेतलंय हो. रोज नवीन माणसासाठी हलवता येत नाही." एवढंच बोलल्या. साड्या मात्र नेल्या नाहीत. "राहू दे. घर टिकायला पाहिजे यांचं."

सर थांबले. व्हाइस प्रिन्सिपल झाले. केबिन मिळाली, दारावर पाटी लागली, आणि मुकादम रोज दारात उभे राहून सलाम ठोकायचे. पण सर त्या केबिनमध्ये रमले नाहीत. डबा घेऊन आमच्यातच येऊन बसायचे. एका वर्षाची अडीच झाली. मग आणखी एक प्रिन्सिपल आले, त्यांनी आपला माणूस आणला, आणि या वेळी बदलायला प्रार्थनापुस्तकही उरलं नव्हतं. सरांचा व्हिसा कॅन्सल झाला.

निरोपाच्या दिवशी मुकादम सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. सर रडले नाहीत. घर रिकामं करताना नुरुलने सगळ्या पेट्या खाली आणून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मला खरंच आनंद झाला होता. म्हटलं, सुटला माणूस. आता नगरला अंगणात बसेल, बायकोच्या हातचं जेवेल, प्रबंध पुरा करेल. मी तर त्यांना बसून जेवायची शपथ घातली.

चार महिन्यांनी मुकादम स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "मॅडम, बिशप दुक्मला आहे. परत आला."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरं होतं. दुक्म म्हणजे मस्कतहून दक्षिणेला गाडीने पाच-सहा तास, सपाट वाळवंटातून. तिथे रिफायनरी आहे, बंदर आहे आणि वारा आहे. माणसं सगळी कॉन्ट्रॅक्टवरची, जवळजवळ सगळे पुरुष. सुनीलच्या कंपनीचं तिथे एसीचं काम चालू होतं. लागून आलेली सुट्टी बघून मी त्याच्याबरोबर गाडीत बसले. "तुला काय करायचंय?" असं तो या वेळी म्हणाला नाही.

एका कंपनीच्या कॅम्पमध्ये सर कामगारांना सुरक्षेपुरतं इंग्रजी शिकवत होते. आग लागली तर काय ओरडायचं, पाटीवर काय लिहिलंय. पत्र्याच्या केबिनींची लांब रांग, त्यातली एक त्यांची. शर्ट तोच, गळ्यापर्यंत गुंडी. केस मात्र पार पांढरे झालेले. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला, आणि संकोचही वाटला. मेसमधून कागदी कपातून चहा आणला.

मी सरळच विचारलं. "सर, काय झालं? भांडलात का?"

"छे हो! भांडण झालं असतं तर बरं झालं असतं." सर कपाकडे बघत होते. "करुणाचं सगळं इतकं नीट चाललेलं असतं, मॅडम. पहाटे प्रार्थनेला बायका येतात. मग शिकवणीच्या मुली. दुपारी चर्चच्या कमिटीच्या मिटिंगा, तिच्याशिवाय तिथे पान हलत नाही. मी बाहेरच्या खोलीत आलो की बायका एकदम गप्प व्हायच्या. मी आत गेलो की पुन्हा बोलणं सुरू. चहापावडर कुठे आहे विचारलं की ती सांगायची नाही, स्वतः उठून करून द्यायची. पाहुण्याला देतात तशी. बशीत बिस्किटं ठेवून." "चर्चमध्ये एकाने विचारलं, करुणाबाईंचे मिस्टर का तुम्ही? कधीपर्यंत आहात?"

"मग तुम्ही त्यांच्याशी बोलायचं होतं."

"बोललो. ती म्हणाली, राहा की, तुमचंच घर आहे. घर माझं आहे, असं तिला मला सांगावं लागलं, यातच आलं सगळं. इथून नोकरीसाठी फोन आला तेव्हा मला वाटलं ती नको म्हणेल. बॅग तिनेच भरली. फार छान भरली."

बाहेर वारा पत्र्यावर वाळू मारत होता. मग सर स्वतःहूनच म्हणाले, "बायको आली नसणार, मॅडम. बिशपसाहेबांची. मी इतकी वर्षं म्हणत होतो, कागद हरवले. काही हरवलेलं नाही. साहेबांनी बोलावलं, ती आली नाही, झालं. त्यात लिहून ठेवण्यासारखं काय होतं?"

"मग लिहा ना आता ते प्रकरण."

"पुरावा काय देऊ?" म्हणाले, आणि कप चुरगळून खिशात घातला.

सुनीलचं काम आटपलं तोवर उन्हं उतरली होती. कामावरच्या बसेस आल्या आणि कॅम्पच्या फाटकातून माणसं आत ओतली. जरा वेळाने एकेक जण हातपाय धुऊन केबिनीबाहेर येऊ लागला. प्रत्येकाच्या हातात फोन. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून जो तो एकेक कोपरा धरून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या लांबच लांब रांगेत नुसत्या पाठी दिसत होत्या. बंगाली, मल्याळी, हिंदी, तेलुगू, सगळं वाऱ्यात मिसळत होतं.

सरांनी घड्याळ बघितलं. "तिची मीटिंग संपली असेल," म्हणाले. आम्हाला घाईघाईने निरोप दिला आणि ते आपल्या कोपऱ्याकडे गेले. एका कानावर हात ठेवून बोलू लागले. आमच्या गाडीची काच उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं. मेसमध्ये आज काय होतं, डाळ किती पातळ होती, कुठला कामगार 'फायर' म्हणताना काय म्हणतो, देसाई मॅडम आणि त्यांचे मिस्टर आले होते. मग म्हणाले, "आणि तू? तू काय केलंस आज? सगळं सांग, मला वेळ आहे." आणि ऐकत राहिले. बराच वेळ. पलीकडून काहीतरी मजेचं आलं असावं, कारण सर मोठ्याने हसले. पत्र्याच्या भिंतीला टेकले आणि पोट धरून हसले. करुणाताई आमच्या टेबलाशी त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, तेव्हा त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

सुनीलने गाडी वळवली. मी काचेतून हात केला. सरांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.